आडनावासकट पाठवलेलं पत्र

तापलेल्या जुन्या संगणकाचा वास आज शाळेत आला आणि मला बीडचं ते इंटरनेट कॅफे आठवलं. नेकनूरहून एसटीनं मी तिथं जायचे, ईमेलवर चालणाऱ्या एका मराठी चर्चागटासाठी. एकाचं पत्र सगळ्यांना पोचायचं. बहुतेक सभासद परदेशातले इंजिनिअर होते. "गावात आता जात उरलीच नाही," असं एकानं लिहिलं. मी आमच्या वस्तीच्या वेगळ्या पाणवठ्याबद्दल लिहिलं. गटचालकानं मला माफी मागायला सांगितलं.

"मॅडम, कावून नादी लागता? लई मोठी माणसं हायेत," कॅफेवाले म्हणाले.

"माझं पत्रबी सगळ्यांनाच जातं ना?" म्हणत मी तेच पुन्हा पाठवलं, खाली आडनावासकट नाव घालून.

त्यांनी मला गटातून काढलं. तेव्हा मी बसमध्ये रडले होते. आज वाटतं, काढण्याआधी त्यांना ते दोनदा वाचावं लागलं.