भिंतीवरची थोरली

बांद्याची संचिता मेली ती मालिकेत, पण तिथून पुढे खरं जगणं नकोसं करून सोडलं तिला लोकांनी.

तशी ही बाई नाटकाची. शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसरी मुलगी अडली की तिचेही संवाद हीच म्हणून मोकळी व्हायची. लग्न ठरलं तेव्हा सत्यवानला, बाजारात स्टेशनरीचं दुकान चालवणाऱ्या नवऱ्याला, तिने आधीच बजावलं, "मी नाटक सोडूचंय नाय हां." त्याने बिचाऱ्याने कधी आडकाठी केली नाही. सदानंदकाकांच्या हौशी मंडळात ती नायिका होती, स्पर्धेत बक्षीसही मिळालं. तेवढ्यात कुडाळजवळ एका मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं आणि थोरल्या सुनेच्या कामासाठी हिला निवडलं. हिने काकांची तालीम अर्ध्यावर सोडली. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली.

आणि थोडक्याच दिवसांत थोरली विहिरीत पडली. लेखकाला म्हणे कथेत वळण हवं होतं. वळण कसलं, मेल्याने सरळ गळाच कापला हिचा.

बरं, मेली तर मेली, विषय संपला? छे. मालिकेतल्या घरात तिचा हार घातलेला फोटो लागला आणि रोज संध्याकाळी घरोघरी दिसू लागला. तो आला की सासू काशीबाई टीव्हीपुढून उठून जायच्या. "जित्या माणसाच्या फोटोक हार घालतत. लाज नाय मेल्यांका." त्यांनी देवळात गाऱ्हाणंही घातलं, सुनेला उदंड आयुष्य दे म्हणून. संचिताला आयुष्य नको होतं, काम हवं होतं.

बाजारात बायका अडवायच्या, "अगो, तूच मां ती फोटोतली?" तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी सगळा मानअपमान गिळून ती काकांकडे गेली. काका तिच्याकडे न बघताच म्हणाले, "रागावू नको गो, पण तू स्टेजवर इलंस काय लोकांक तो हार आठवतलो. हसतले सगळे."

आता सगळी भिस्त एका शब्दावर होती, फ्लॅशबॅक. थोरली मेली तरी आठवणीत येऊ शकते, असं दिग्दर्शक निरोप देताना बोलला होता. तेवढ्यावर बाईने अख्खा पावसाळा काढला. फोन वाजला की हात पुसत धावायची.

गणपती झाले आणि फोन आला. "मॅडम, उद्या सेटवर येता का? थोरलीच्याच साडीत." तिने जुने संवाद पुन्हा घोकले. सत्यवानने दुकान बंद ठेवून तिला मोटारसायकलवरून नेलं.

मेकअप झाला आणि तिला एका पडद्यापुढे स्टुलावर बसवलं. जुन्या फोटोला पावसात बुरशी आली होती. नवा काढायचा होता.

"आणि फ्लॅशबॅक?" तिने विचारलं.

"त्याचं काही ठरलेलं नाही," फोटोग्राफर म्हणाला. "असं रागाने बघू नका हो. शांत बघा. आता कसलीच इच्छा उरली नाही, असं."

संतापाने तिचे कान तापले. स्टूल लाथाडून निघून जावं असं वाटलं. पण समोर कॅमेरा होता, दिवे होते, आणि कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिला अभिनय कर म्हणत होतं. तिने पदर सारखा केला आणि केला तसा चेहरा. पहिल्या फटक्यात ओके झाला.

बाहेर सत्यवान वाट बघत होता. "काय गो, काय काम केलंस?"

"मी मेलंय," ती गाडीवर बसत म्हणाली. "परत."