गळ्यातलं कार्ड

घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला, म्हणून महाप्याहून दुरुस्तीवाला बोलावला. माउसला हात लावण्याआधी त्याने रुमालाने एकेक बोट पुसलं, जेवायला बसल्यासारखं. मी ऐटीत सांगितलं, “संशय आला त्या सगळ्या फाइल्स मीच उडवल्या. सिस्टीमच्या तेवढ्या ठेवल्या.”

तो स्क्रीनवर बोट ठेवून हसला. “काका, हाच तर व्हायरस! नाव सिस्टीमचं, राहतो डाउनलोडमध्ये. तुम्ही नाव बघून सोडलंत, पत्ता बघितलाच नाही.”

“आमच्या सोसायटीत असा कोणी घुसू शकत नाही. मी सेक्रेटरी आहे,” मी उगाचच म्हणालो.

“मला तर गेटवर कोणी विचारलंच नाही. गळ्यात कार्ड आहे ना!”

कार्डवाल्यांना अडवायचं नाही, हा नियम माझाच. चष्मा लावून मी ते कार्ड वाचलं. गेल्या वर्षीच्या कुठल्याशा रक्तदान शिबिराचं होतं.