निळा हात आणि बटरफ्लाय

"आई, ही गुठळी आहे. मोठ्या शिरेत रक्त गोठलंय," डॉक्टरबाई डॉपलरच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. डॉपलर म्हणजे शिरेतून रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी. माझी सोळा वर्षांची लेक स्नेहल टेबलावर, उजवा हात सुजून टम्म. आणि मी म्हणते काय, "मॅडम, तो रंग आहे हो, जाईल."

आम्ही भाजे गावचे. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्याकडे निळा गुलाल उधळतात, पोरी केसापासून टाचेपर्यंत निळ्या होतात. दुसऱ्या दिवशी स्नेहलचं बाकी अंग स्वच्छ झालं, उजवा हात तेवढा निळसर राहिला. मी घासणीनं घासला. सासूबाई म्हणाल्या, "औंदाचा रंग लय पक्का हाय, त्याल लाव." तेल लावलं. हात जड झालाय म्हणाली, तर नाचलीस किती म्हणून वर आम्हीच तिला झापलं.

लोणावळ्याच्या जलतरण तलावावर ती बटरफ्लाय पद्धतीनं पोहण्याचा सराव करते. तिथल्या सरांनी तिला पाण्यात उतरूच दिलं नाही. फोनवर म्हणाले, "ताई, हा रंग नाही. आधी दवाखाना." तरी मी रंगच म्हणत होते, कारण दुसरं काही असायला नकोच होतं मला.

आजाराचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. गळ्याजवळचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या फटीतून हाताची शीर जाते. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम पुढे फेकायचे, तेही रोज, वर्षानुवर्षं. त्यात शीर चेंगरत गेली. गुठळी फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं.

स्नेहलनं एकच विचारलं, "मॅडम, बटरफ्लाय करता येईल ना?"

"आधी हात वाचवू. पोहण्याचं आत्ता नाही सांगता येत."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला असला राग आला! इथं जिवाचं पडलंय आणि हिला पोहायचं सुचतंय. आता तलावाचं नाव काढायचं नाही, असं मी तिथंच सुनावलं.

थ्रॉम्बोलिसिस केलं, म्हणजे बारीक नळीतून औषध सोडून गुठळी विरघळवली. नंतर ऑपरेशन करून ती पहिली बरगडी काढली. पुढचे महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि फिजिओथेरपी. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. खांद्याच्या वर जाईना की गपचूप रडायची. जेवणावरची वासना गेली, सरांचा फोनही घेईना. तेव्हा माझंच मन पालटलं, पोहू दे हिला असं वाटलं. एरवी जराशात चिडणारी ती; एवढी गरीब पोर मला नको होती.

शेवटच्या तपासणीत शीर मोकळी दिसली. "सोडा हिला पाण्यात, हळूहळू," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या मुलांचा एकच हात सुजला, रंग बदलला, तर घासत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

परवा तिनं पहिल्यांदा पूर्ण लांबी बटरफ्लाय मारला. मी कठड्याला धरून उभी. सरांनी वेळ सांगितली, तशी ती पाण्यातूनच फणकारली, "काय सर, इतकी स्लो? शी!" आणि टोपी काढून आपटली. पहिल्यासारखी चिडली होती माझी पोर. मी तिथंच पायरीवर बसले आणि पोटभर रडून घेतलं.