कुसुमताईंच्या कुंड्या

लुडविग्सहाफेनला येऊन कुसुम निरगुडकरांना चाळीसेक वर्षं झाली, पण पाय या विषयात त्या अजून साताऱ्यातच होत्या. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार, केरसुणीला लागला तरी नमस्कार. एकदा भरल्या ट्राममध्ये एका धिप्पाड जर्मन गृहस्थाला त्यांचा पाय लागला. त्यांनी सवयीने वाकून त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. तो बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत सारी नोकरी काढलेली बाई, पण विज्ञानाने तिच्या पायांपर्यंत मजल मारली नव्हती.

आणि नेमक्या अशा बाईच्या दारात, जमिनीत, तीन नावं बसवली गेली.

निरगुडकरांचं घर जुनं, युद्धातल्या बाँबमधून वाचलेलं. तिथे पूर्वी लोएब नावाचं ज्यू कुटुंब राहायचं. एमिल, त्याची बायको रोझा आणि अकरा वर्षांची हाना. १९४० साली एका सकाळी तिघांना घरातून उचलून नेलं आणि पुढे आउशवित्झला मारून टाकलं. नाझींनी मारलेल्या अशा माणसांची नावं पितळी पत्रा मढवलेल्या छोट्या दगडांवर कोरून, त्यांच्या घरासमोरच्या फुटपाथमध्ये बसवायची इथे पद्धत आहे. गेल्या ऑक्टोबरात लोएबांचे दगड बसले तेव्हा कुसुमताई ढसाढसा रडल्या, आणि मग जमलेल्या सगळ्यांना त्यांनी शिरा खायला घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन हानाच्या नावावर बूट ठेवून उभा राहिला आणि कुसुमताईंनी हातातला घास बशीत टाकला.

"अहो, पोरीला मारलं ते मारलं, आता वर तिच्या नावावर पाय द्यायचा?" त्या नवऱ्याला, श्रीरंगरावांना म्हणाल्या. तेवढ्यावर भागेना. दगड बसवणाऱ्या समितीतल्या एका बाईंना, फ्राऊ श्टाइगरना, गाठून त्यांनी सुचवलं की नावं माझ्या भिंतीवर लावा, भोकं मी पाडून देते. फ्राऊ श्टाइगरनी शांतपणे समजावलं की नाव वाचायला माणसाने खाली वाकावं, म्हणूनच ती जमिनीत असतात. कुसुमताईंना ते पटलं नाही. वाकणारा एखादाच, तुडवणारे सगळे, हा त्यांचा हिशेब.

मग दगडांभोवती कुंड्या आल्या. आधी जिरेनियमच्या, मग शेवंतीच्या, शेवटी घरातली तुळससुद्धा. लोकांना फुटपाथ सोडून रस्त्यावरून जावं लागे. बाबागाडीवाल्या आया कुरकुरत. फुटपाथ काही तुझ्या माहेरहून आलेला नाही, असं श्रीरंगराव म्हणून बघत. फ्राऊ श्टाइगर येऊन विनंती करून जात. कुसुमताई प्रत्येकाला "हो, हो" म्हणून मान डोलवत आणि संध्याकाळी आणखी एक कुंडी वाढवत.

मे महिन्यात निरोप आला की मिरियम येते आहे. हानाची धाकटी बहीण एडिथ हिला त्या प्रसंगाच्या आदल्या वर्षी इतर मुलांबरोबर आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं होतं, म्हणून ती तेवढी वाचली. मिरियम ही तिची मुलगी. एडिथ आता नव्हती. कुसुमताईंच्या जिवाची घालमेल सुरू झाली. एवढ्या लांबून यायचं आणि आपल्या मावशीचं नाव लोकांच्या बुटांखाली बघायचं? त्यांनी बाजारातून चार मोठ्या कुंड्या आणवल्या.

मिरियम आली. सत्तरीची, ठेंगणी, पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. तिने दगड पाहिले, कुंड्या पाहिल्या, आणि ही बाग कशासाठी ते विचारलं. कुसुमताईंनी एका दमात सगळं सांगितलं. ऐकून मिरियम हसायला लागली. कुसुमताईंना ते फार लागलं. चेहरा एवढासा झाला. मिरियमच्या ते लक्षात आलं. तिने डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला.

"आईला हे घर आठवायचं नाही, कुसुम. तिला हा फुटपाथ आठवायचा. दोघी दिवसभर इथे खडूने चौकोन आखायच्या आणि एका पायावर उड्या मारायच्या. इथे कुणाचे पायच पडत नाहीत म्हटल्यावर हानाला करमेल कसं?"

कुसुमताईंनी पदर खोचला आणि पहिली कुंडी उचलली. कमरेचं दुखणं विसरून श्रीरंगराव मदतीला धावले. उर्जाला खडू आणायचं फर्मान सुटलं. उर्जा ही त्यांची आठ वर्षांची नात. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

चौकोन आखले. हानाचा दगड तिसऱ्या चौकोनात आला. ठिकरी कशी खेळतात ते ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर कुसुमताईंनी स्वतः करून दाखवलं. श्रीरंगरावांनी डोळे मिटून घेतले. मिरियम खेळली, शेजारची पोरं आली, बाबागाडीवाली एक आईही थांबून दोन उड्या मारून गेली. उर्जाचा बूट थेट हानाच्या नावावर पडला. कुसुमताईंचा हात सवयीने कपाळाकडे निघाला, पण लगेच त्यांना बरं वाटलं. किती दिवसांनी त्या दारात एवढा हशा झाला होता!

"आता कुणाचा डाव?" त्यांनी विचारलं.

"हानाचा," उर्जा जर्मनमध्ये म्हणाली.

पोरं बाजूला झाली. रिकाम्या चौकोनांकडे सगळे बघत राहिले. उर्जाची नजर एकेका चौकोनावरून सावकाश पलीकडे गेली आणि तशीच परत आली. मिरियमने कुसुमताईंचा हात घट्ट धरला होता.

हाना कुठेच चुकली नाही, उर्जाने जाहीर केलं. नियमाप्रमाणे पुढचा डावही तिचाच होता, आणि बाकीच्यांना थांबावं लागलं.