पियानोखालचं अंथरूण

त्या दुपारी टोकियोतल्या निशी-कसाई भागात, मुलाच्या घरात मी होते, मुलगा होता, जपानी सून पियानोवर होती, तिच्याकडे शिकणाऱ्या मुली, त्यांच्या आया आणि खालच्या मजल्यावरच्या आजी. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. सगळं त्या आजींचं मन वळवायला चाललं होतं. आवाजाचा त्रास होतो, पियानो काढा, असं त्यांनी सांगितलेलं. पियानो गेला की सुनेची शिकवणी बंद. मला मात्र पाय पसरायला जागा झाली असती. रात्री माझे पाय त्याच्याखालीच जायचे. पण गावी मी गोठ्याच्या कडेला झोपलेय. पियानो निदान शेपटी मारत नाही.

सुनेनं फ्रान्सच्या एका जुन्या संगीतकाराचं काही निवडलं होतं. तो एकटा एका खोलीत राहायचा, कुणाला आत घ्यायचा नाही. मेल्यावर ढीगभर छत्र्या निघाल्या. पावसात छत्री कोटाच्या आत धरायचा, ती भिजू नये म्हणून. मुलगा हसला. मी नाही हसले. नवी चप्पल हातात धरून चिखल तुडवलाय मी.

त्यानं म्हणे असं संगीत केलं, की कुणी ऐकायचंच नाही. खुर्ची-टेबलासारखं ते नुसतं असावं, लोकांनी आपलं बोलावं. मी म्हटलं, म्हणजे लग्नातली सनई.

सुनेनं पाहुण्यांना तसं सांगितलं आणि वाजवायला लागली. सगळ्या मांडीवर हात ठेवून गप्प. त्याच्या वेळीही लोक असेच गप्प बसले होते म्हणे. सून तेच तेच वाजवतेय आणि आजींचं तोंड आवळत चाललंय. शेवटी सून मान वळवून मोडक्या मराठीत हळूच म्हणाली, “आई, तुम्ही लग्न करा.”

मला समजलं. चिवड्याचं ताट घेऊन उठले. आजींनी हात हलवला. नको म्हणणाऱ्याला वाढायचं, एवढंच मला येतं. “घ्या हो, वरपक्षाच्या आहात,” म्हणत त्यांची ओंजळ भरली. कुरुमकुरुम सुरू झालं. एकीला मिरचीचा ठसका लागला, दुसरी हसली, बोलणी निघाली. हे पिवळं कशानं होतं, असं आजी मुलाला विचारायला लागल्या. तिथून विषय त्यांच्या गुडघ्यांवर गेला.

सुनेनं हात थांबवले, तेव्हा आजींनी पुन्हा काही विचारलं. मुलानं सुनेकडे पाहिलं. मग म्हणाला, “विचारतायत, वाजवायला सुरुवात कधी करणार?”

पियानो राहिला. दुपारचा वाजवायचा, असं ठरलं.

मी गावी परतले, तेव्हा आजींचा एक डबा चुकून माझ्या सामानात आला. वाचणाऱ्यांपैकी कुणी निशी-कसाईला जाणार असेल, तर तो घेऊन जा. चिवडा भरून देते. सुनेच्या दाराच्या बरोबर खालचं दार. नको म्हणतील, तरी द्या.