मोरपंखी मोजे आणि पहिलं महायुद्ध

मी फारशी बोलत नाही. आमच्या सोनाळ्यात म्हणायचे, या पोरीच्या तोंडून शब्द काढायचा तर रहाट लावावा लागतो. तर अशी मी एकदाच पंधरा मिनिटं सलग बोलले. काय बोलले ते ऐका, पण हातातला चहा आधी संपवून घ्या. सांडला तर मी जबाबदार नाही.

लग्न होऊन मी मोताळ्याला आले आणि महिन्याभरात सासूबाईंनी माझं नाव कॉलेजात घातलं. बीए, पहिलं वर्ष. मी त्यांना आई म्हणते. शेजारणी म्हणाल्या, नव्या सुनेला कॉलेज कशाला? आई म्हणाल्या, "भाकर माह्याकून शिकन. बाकीचं मले येत नाही, ते तिकडं शिकन."

विषयही त्यांनीच निवडला. इतिहास, आणि त्यातही आधुनिक जगाचा. आईंची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली, पण मी घरी आले की पाण्याच्या ग्लासाबरोबर प्रश्न ठरलेला. आज सरांनी काय शिकवलं? फ्रान्सची क्रांती आईंनी माझ्याकडून वांगी चिरता चिरता ऐकली, औद्योगिक क्रांती तूर निवडताना. मध्येच विचारायच्या, सरांचा आवाज बसला होता, तो सुटला का? डबा आणतात की बाहेरचं खातात? मी मनात म्हणायची, काय ही बाई! इतिहासाची आवड असावी तर अशी.

बरं, त्या घरात सगळं बोलायची मुभा होती, एक नाव सोडून. नांदुऱ्याचे मामा. आईंचा पाठचा सख्खा भाऊ. आमच्याच लग्नाच्या मंडपातून रुसून गेले ते गेले. आईंनी राखी पोस्टानं पाठवली, पोच नाही. आता भाऊबीज जवळ आली होती आणि आई फराळाला एका माणसाचं पीठ जास्त घेत होत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, अंदाज चुकला. आमच्या यांना विचारलं, मामा करतात काय? हे म्हणाले, "त्या भानगडीत तू पडू नको." मी आपलं ठरवून टाकलं की कापसाचे व्यापारी असणार. नांदुरा म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

आता सरांबद्दल सांगते. असा शिक्षक मी पाहिला नव्हता. खडू घेतला की मुलांकडे बघत बघत पाठीमागच्या फळ्यावर अख्खा युरोप काढायचे, आणि इटलीचा बूट बरोब्बर जागेवर यायचा. पुस्तकी भाषेत सुरू करायचे आणि रंगात आले की वऱ्हाडीवर उतरायचे. "लक्षात ठेवा, ठिणगी वेगळी अन् कारण वेगळं. ठिणगी सगळ्याले दिसते. कारण शोधा लागते." मी शेवटच्या बाकावरून ऐकत बसायची. नाव न घेता ते मला 'शेवटचा बाक' म्हणायचे.

एक दिवस म्हणाले, "शेवटचा बाक, उद्या सेमिनार तुमचं. पहिल्या महायुद्धाची कारणं."

रात्रभर पाठ केलं. सकाळी टेबलामागे उभी राहिले आणि सगळं पुसलं गेलं. सर माझ्यासाठी टेबल सोडून समोरच्या पहिल्या बाकावर येऊन बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "पुस्तक इसरा. घरच्या भाषेत सांगा. तुम्ही कधी भांडण पाह्यलं नाही काय?"

पाहिलं होतं ना. स्वतःच्या लग्नात पाहिलं होतं!

मान खाली घालून मी सुरू केलं. म्हटलं, समजा एक मंडप आहे, त्याचं नाव युरोप. नवरदेवाच्या मामाला मानाचा फेटा बांधायचा, पण आमच्याकडच्या माणसानं चुकून तो नवरदेवाच्या आत्यांच्या यजमानांना बांधला आणि मामांच्या हातात टॉवेल-टोपी दिली. ही झाली ठिणगी. मामा उठले. मामा उठले म्हणून नांदुऱ्याची अख्खी पंगत उठली, कारण त्यांचं आधीच ठरलेलं, आपला माणूस उठला की उठायचं. ते उठले म्हणून आत्यांकडचे उठले. ऑस्ट्रिया उठला की जर्मनी, सर्बियासाठी रशिया, रशियासाठी फ्रान्स. वाढपी बिचारा बेल्जियमसारखा मध्ये उभा, त्याचा कशाशी संबंध नाही आणि सगळे त्याच्याच अंगावरून चाललेले.

वर्ग हसायला लागला. मला कधी कुणी हसलं नव्हतं, म्हणजे असं चांगलं. चढलंच मला ते.

म्हटलं, मग मोठ्या माणसांनी तह केला. फेटा तर संपला होता. म्हणून मंडपाच्या सजावटीचं गुलाबी कापड उरलं होतं, ते मामांच्या डोक्याला गुंडाळलं. असा तह केला तर दुसरं महायुद्ध होणार नाही तर काय होणार? मामा ते कापड काढून खुर्चीवर ठेवून चालते झाले, आणि नेमका तेव्हाच बँड दणक्यात सुरू झाला. पुढचं कुणालाच काही ऐकू आलं नाही.

पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "दिसाले कसे व्हते वं ते मामा?"

म्हटलं, तोंड कुठं पाहिलं? नवरी मी. मान वर करायची नाही, अशी ताकीद होती. सासरची निम्मी माणसं मी अजून पायांवरूनच ओळखते. मामा माझ्यासमोरून तरातरा गेले तेव्हा पाय पाहिले. मोरपंखी रंगाचे मोजे आणि त्यावर चामडी सँडल. मी तेव्हाच ओळखलं, सँडलवर मोजे घालणारा माणूस तह पाळणार नाही.

वर्ग कोसळला. मी लाजून नजर खाली केली. आणि खाली, पहिल्या बाकाखाली, पुढे पसरलेले दोन पाय होते. चामडी सँडल. मोरपंखी मोजे.

इतके महिने ते पाय टेबलाच्या पलीकडे होते आणि मी शेवटच्या बाकावर!

ते पाय हळूहळू बाकाखाली मागे सरकले. मला वाटलं, जमीन फाटत नसेल तर निदान फळ्यावरच्या इटलीत तरी जागा मिळावी. माझं कॉलेज गेलं ते गेलंच, पण आईंची भाऊबीज? जी आग विझतेय की काय असं वाटत होतं, तिच्यात मी पंधरा मिनिटं रॉकेल ओतत होते, आणि वर लोकांना हसवत होते.

तास संपला. मुलं गेली. मी डोक्यावरून पदर ओढला.

"हे पाहा," सर म्हणाले. "हे पदर घेणं. याच्याचसाठी सांगतलं नव्हतं तुमाले. मामा आहे म्हनलं असतं तर वर्षभर नाकावर पदर अन् तोंडाले कुलूप. मी हजेरीतलं नाव पाह्यलं तवाच ओळखलं."

मग ते खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"सेमिनार चांगलं झालं. पण एक चूक आहे. फेटा ठिणगी व्हती. कारण तुमाले सापडलं नाही." त्यांचा आवाज खाली आला. "मी मंडपाच्या तोंडापर्यंत गेलो. वाटलं, बाई मांगून एक हाक मारन. तिनं हाक मारली नाही. लहान व्हतो तवापासून रुसलो का तीच बलावे."

बाई म्हणजे आमच्या आई.

त्या दिवशी घरी पाण्याचा ग्लास आला, प्रश्न आला, आणि मी पहिल्यांदाच इतिहास न सांगता हे सांगितलं. आईंची पोळी तव्यावर फुगून करपली. त्या म्हणाल्या, "मारली व्हती वं हाक. दोनदा मारली. तो बँड केवढ्यानं वाजून राह्यला व्हता! त्याले काय ऐकू येते?" आणि पदरानं डोळे पुसले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की त्यांना फ्रान्सशी काही देणंघेणं नव्हतं. बाई रोज माझ्या तोंडून भावाची खुशाली विचारत होत्या. विषय निवडला नव्हता त्यांनी, शिक्षक निवडला होता. आणि मी त्यांना अख्खी औद्योगिक क्रांती ऐकवली.

काय जीव म्हणायचा हा! भावाचा एक शब्द कळावा म्हणून वाफेच्या इंजिनाचा शोध ऐकून घेतला त्यांनी, जांभई न देता.

निरोप पोचला आणि भाऊबीजेला मामा आले. आईंनी दारातूनच दोनदा हाक मारली, माणूस समोर उभा असताना. मी पाया पडले. मोजे तेच. या वेळी आमच्या यांनी नवा कोरा फेटा बांधला, आणि मामा तो डोक्यावर ठेवूनच जेवायला बसले.

मी पुऱ्या वाढत होते. बहीणभाऊ मंडपातलं बोलत होते आणि हसत होते. आई म्हणाल्या, सगळा घोळ त्या बँडनं केला. मामांचा घास हातातच थांबला. त्यांच्यातला इतिहासाचा सर जागा झाला.

"पण बाई, बँड तर बंद व्हता. एकाएकी एवढ्या जोरात काऊन लावला? कोणं तरी सांगतलंच असन ना?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेवटचा बाक, पुढचं सेमिनार हेच. शोधून काढा. मूळ कारण तेच आहे."

मी मान हलवली आणि पुरी तळायला आत गेले.

आता तुम्हाला म्हणून सांगते. मंडपात आवाज चढले तेव्हा मला वाटलं, आमच्या गावासमोर सासरची शोभा नको. म्हणून मुंडावळ्यांच्या आडून चुलत बहिणीच्या कानात हळूच सांगितलं होतं, "बँडवाल्यांना म्हण, काका, जरा जोरात वाजवा."

मी फारशी बोलत नाही, म्हटलं ना. त्या अख्ख्या लग्नात उखाणा सोडून मी एवढं एकच वाक्य बोलले होते.