ओळखीची हाक

काल चांभाराच्या दुकानात चरबी चोळलेल्या चामड्याचा वास आला आणि पिंपरीचा फुटबॉलचा माळ आठवला; तेव्हा चेंडूच्या चामड्याला अशीच चरबी चोळायचे. १९५०च्या दशकात मी फुटबॉलमध्ये डाव्या कडेला, लेफ्ट आउट खेळायचो. ज्या कारखान्याच्या संघाला माणूस हवा असेल, तिथे नोकरीला लागायचो. पिंपरीचा हा माझा तिसरा कारखाना होता. "आज जिंकलात तर तुला कायम करतो," असं साहेब म्हणाले होते, त्यामुळे सकाळपासून पाय एका जागी ठरत नव्हते. समोर नेमका माझाच जुना संघ होता. शेवटची पाच मिनिटं राहिली होती आणि बरोबरी होती. धुळीतून मागे धावत येऊन मी आमच्याच गोलपाशी चेंडू अडवला, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "दे राव, हितं हाय मी." जुन्या संघात दोन वर्षं मी त्याच आवाजावर चेंडू दिला होता. मान न वळवता दिला आणि त्याने आमच्यावरच गोल मारला. सामना संपल्यावर तो खाली मान घालून आला. "माझ्याबी तोंडातनं सवयीनंच गेलं," म्हणाला. महिन्याभरात मी चौथ्या कारखान्याच्या फाटकावर उभा होतो. अजूनही मागून कुणी "दे" म्हटलं की हातातलं आधी देतो आणि मग वळून बघतो, कोण आहे.